सगळे वर आल्याशिवाय

नोएलीनचा फोन आला तेव्हा मी वेलिंग्टनहून लोअर हटला परतणाऱ्या संध्याकाळच्या गाडीत होतो. उजवीकडे बंदराचं पाणी अजून गढूळ होतं. आदल्या दिवशी दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठं वादळ येऊन गेलं होतं, हे बातम्यांत पाहिलं होतं. भाऊजींना दोनतीनदा फोन लावला, लागला नाही. पण तिकडे जरा जोराचा वारा सुटला की फोन बंद पडतात, याची आम्हाला सवय झाली होती. नंबर अनोळखी होता. ती म्हणाली, मी नोएलीन, तुझ्या भाऊजींच्या गावची, तिथल्या हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. तू बसलेला आहेस का? मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "मोहन, डिव गेला. काल सकाळी. आम्ही सगळे तिथेच होतो."

डिव म्हणजे दिवाकर, माझे भाऊजी, सुनीताताईचे यजमान. पोलीस ऑकलंडजवळ पापाकुराला ताईच्या घरी जाणारच होते, पण त्यांच्या आधी घरच्या माणसानं सांगावं, असं नोएलीनला वाटलं होतं. मी मधल्याच एका स्टेशनवर उतरलो आणि तिथल्या बाकावर बसून ताईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्यांच्याजवळ कुणी होतं ना रे?" मी म्हणालो, सगळं गाव होतं. पुढे कळलं की हे खरं होतं आणि नव्हतंही.

भाऊजी, ताई आणि गौरी २०११ च्या हिवाळ्यात इथे आले. भाऊजी खाण अभियंता. यवतमाळ जिल्ह्यात, वणीजवळच्या कोळशाच्या पट्ट्यात जन्मलेले, तिथेच वीसेक वर्षं नोकरी केलेले. न्यूझीलंडमध्ये येणारी आपली बहुतेक माणसं ऑकलंडला उतरतात आणि तिथेच राहतात. कॉम्प्युटरवाले, डॉक्टर, नर्सा. भाऊजींना जिथे काम मिळालं ते गाव वेस्टपोर्टच्याही उत्तरेला. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. नकाशावर पाहिलं तर गाव म्हणजे एक रेघ आहे. पश्चिमेला खुला समुद्र, मग गोट्यांचा उंच बांध, मग घरांची एकच रांग, मग रस्ता, मग रेल्वेचा रूळ, आणि रुळाला खेटून सरळ वर चढलेला डोंगर. डोंगराच्या माथ्यावर कोळसा. तो खाली यायचा, गाडीत भरला जायचा आणि इथल्या आल्प्सचे डोंगर ओलांडून पूर्वेच्या बंदराकडे जायचा. त्या रेघेवर माणसं राहायला आली ती फक्त या कोळशासाठी. शेतीला जागा नाही, पाऊस थांबत नाही, आणि ऊन पडलं की चावऱ्या माश्या बाहेर पडतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ताईला म्हणालो, हे गाव इथे असायचं कारण एकच आहे. भाऊजी हसून म्हणाले, "अन् आमचं गाव तिकडे दुसऱ्या कोन्या कारणानं गेलं का बे?"

ते असंच बोलायचे. वेलिंग्टनच्या आमच्या मंडळात एकदा गणपतीला आले, तेव्हा पुण्या-मुंबईची मंडळी त्यांचं 'करून राहिलो' ऐकून गालातल्या गालात हसत होती. भाऊजींच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी आणखी जोरात वऱ्हाडी सुरू केली आणि आरतीनंतर प्रसाद वाटताना एका बाईंना विचारलं, "सांबार टाकला नाही काऊन उसळीत?" त्या बिचाऱ्या इडलीबरोबरचं सांबार शोधायला लागल्या. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. ती कोथिंबीर भाऊजींनी त्या खाऱ्या वाऱ्यातही लावली होती, खिडक्यांच्या जुन्या काचांचा आडोसा करून. शेजारचा केव्हिन ती टोस्टवर घालून खायचा.

केव्हिनबद्दल सांगायला हवं. तो सत्तरीचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक म्हातारा कुत्रा आणि तो. भुयारी खाणीत जन्म काढलेला माणूस. ती खाण कधीच बंद झाली होती. त्याला इंजिनीयर लोकांचा राग होता आणि तो ते तोंडावर सांगायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं भाऊजींना विचारलं, तू कधी हातानं कोळसा काढला आहेस की नुसता कागदावर? भाऊजींनी सांगितलं, मी नाही, माझ्या बापानं काढला आहे. मग दोघं मागच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसले. दोन्हीकडचं इंग्रजी असं की ताईला एकाचंही धड कळेना, पण त्यांचं एकमेकांना कळत होतं.

भाऊजींच्या वडिलांची शेती खाणीत गेली आणि बदल्यात त्यांना खाणीतच मजुराची नोकरी मिळाली. आधी भुयारी खाण होती, नंतर वरून खोदायची मोठी खाण आली आणि शेतांमागून गावही गेलं. घरं, देऊळ, चावडी, सगळं. लोकांना नव्या वसाहतीत जागा मिळाल्या, पण बरेचसे तिथे गेलेच नाहीत, जिकडे पोट भरेल तिकडे पांगले. भाऊजी तेव्हा कॉलेजात होते, त्याच शिक्षणासाठी, खाणीच्या. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून.

मी का विचारलं, ते असं. दोनेक वर्षांतच कोळशाचा भाव पडला. वरच्या खाणीत माणसं कमी करायला लागले. आधी कंत्राटी, मग पाळ्या, मग कायम नोकरीवाले. भाऊजींची नोकरीही गेली. गावातली तरणी माणसं ऑस्ट्रेलियाच्या खाणींकडे निघाली. पब बंद झाला. कोपऱ्यावरचं दूधपावाचं दुकान, ज्याला इथे डेअरी म्हणतात, ते आठवड्यातून काही दिवसच उघडायला लागलं. शाळा मुलांअभावी एका खोलीत आली. घरं विकायला निघाली, पण घेणारं कोण? आणि त्यात समुद्र. गोट्यांचा बांध दर हिवाळ्यात थोडा आत सरकायचा. माझं काम नगरपालिकेच्या पाण्याच्या नळांचं. कुठला नळ अजून किती वर्षं टिकेल याचा हिशेब करायचा आणि तो फुटायच्या आधी बदलायचा. त्यामुळे मी दर खेपेला गेलो की आम्ही दोघं टेप घेऊन मागच्या पायरीपासून बांधापर्यंतचं अंतर मोजायचो. एक टोक मी धरायचो, एक ते. "ताण बे, साळेबुवा, ताण. समुद्राले सूट देऊन राहिला का?" दर खेपेला अंतर कमी भरायचं. मी त्यांना सरळ सांगितलं की भाऊजी, तुमचं घर तुमच्या म्हातारपणाला पुरणार नाही. मला गोल गोल बोलता येत नाही आणि त्यांनाही ते चाललं नसतं.

तोवर ताई गौरीला घेऊन ऑकलंडला गेली होती. गौरीला फार्मसीला प्रवेश मिळाला होता आणि ताईला पापाकुराच्या एका वृद्धाश्रमात काम मिळालं. भाऊजी मागाहून येणार, असं ठरलं होतं. ते दर वर्षी ठरत होतं. ते शाळेची बस चालवायचे आणि गावाची पाण्याची छोटी योजना बघायचे. ओढ्यावरची जाळी साफ करायची, नळ गळला तर मला फोन करून विचारायचं. एवढ्या कामासाठी नवरा-बायकोनं बेटाच्या दोन टोकांना, नव्हे, दोन बेटांवर राहायचं, हे ताईला पटत नव्हतं. ती फोनवर भांडायची. गौरी मधूनच फोन ओढून घेऊन म्हणायची, "बाबा, जस्ट कम होम. आई इज टायर्ड." ते म्हणायचे, येतो ना, हा हिवाळा जाऊ दे. शेवटी ताईनंच मला पाठवलं, त्यांना समजावून घेऊन ये म्हणून. तेव्हा मी विचारलं, भाऊजी, या गावात तुमचं असं काय आहे? आपलं ना नात्याचं, ना गोत्याचं.

ते टेप गुंडाळत होते. मग म्हणाले, "माह्या गावावर आता खाण हाय, मोहन. मी तिथं गेलो तं उभं राहाले जागा नाही. ते गाव खाल्लं त्या धंद्यावर मी पोट भरलं. आता हे बी जाईन, मले समजते. पण शेवटचं माणूस निघेपर्यंत कोणी तं पाहायले पाहिजे ना, कोण निघालं अन् कोण राहिलं."

मी परत आलो आणि ताईला सांगितलं की ते येणार नाहीत. ती माझ्यावर चिडली.

कोण निघालं आणि कोण राहिलं हे पाहायची भाऊजींची रीत खाणीतली होती. भुयारी खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला पितळेचा एक बिल्ला असतो. माणूस आत आहे की बाहेर, हे बत्तीघरातल्या, म्हणजे खाणीचे दिवे ठेवतात त्या खोलीतल्या, फळीवरच्या बिल्ल्यांवरून कळतं, आणि पाळी संपल्यावर बिल्ले जुळल्याशिवाय बत्तीघर बंद होत नाही. लहानपणी वडिलांना उशीर झाला की आई भाऊजींना बत्तीघराकडे पिटाळायची. जा, बाचा बिल्ला लागला का पाहून ये. केव्हिनच्या खाणीतही हीच रीत होती, इतक्या हजार मैलांवर. आणि बंद खाणीतले जुने बिल्ले एका डब्यात घालून त्यानं जपून ठेवले होते.

एका हिवाळ्यात समुद्र रस्त्यावर आला, तेव्हा वरच्या टेकाडावरच्या खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये सगळे जमले. कोण आलं, कोण राहिलं, याचा तेव्हा बराच गोंधळ झाला होता. त्यानंतर भाऊजींनी आणि केव्हिननं हॉलमध्ये एक लांब फळी ठोकली, तिला हूक लावले, आणि घराघरात माणशी एकेक बिल्ला वाटला. भाऊजी एकटे, केव्हिन एकटा. गावात आता बहुतेक घरं एकट्यादुकट्याचीच होती. एरवी बिल्ला दाराशेजारच्या खिळ्याला. म्हणजे माणूस घरी आहे, ठीक आहे. वादळाचा इशारा आला की बिल्ला घेऊन वर जायचं आणि आपल्या हुकाला लावायचा. हूक रिकामा म्हणजे माणूस खाली. सगळे हूक भरल्याशिवाय आणि समुद्र उतरल्याशिवाय कुणी हॉल सोडायचा नाही. कुणाला मधूनच खाली जावंच लागलं, तर बिल्ला काढून खिशात घ्यायचा. आणि गाव सोडून जाणाऱ्यानं आपला बिल्ला परत करायचा. मग भाऊजी तो हूकही काढून टाकायचे, कारण नसलेल्या माणसाचा हूक फळीवर राहिला तर एक दिवस घात करील, असं ते म्हणायचे.

दर वर्षी फळीवरचे हूक कमी होत गेले. जाणाऱ्यांसाठी हॉलमध्ये निरोपाचा चहा व्हायचा. बिल्ला परत करताना धिप्पाड माणसांचे चेहरे पडायचे. केव्हिन मात्र तिथेही टोमणे मारायचा. जा, जा, ऑस्ट्रेलियात लाल माती खा. शहरात जाऊन पायात मोजे घालून झोप. एका तरुण बापाला तर तो म्हणाला, तुझ्या आजानं इथे फुप्फुसं दिली आणि तू दोन पावसांना भ्यालास. तो पोरगा रडला होता. भाऊजी त्या दिवशी केव्हिनशी बोलले नाहीत.

आणि त्याच केव्हिनवर जायची वेळ आली. गुडघे गेले, छातीत पाणी व्हायला लागलं. क्राइस्टचर्चला राहणाऱ्या मुलीनं हट्ट धरला. घर विकलं जाणं शक्यच नव्हतं. ज्या हॉलमध्ये त्यानं इतरांना बोल लावले होते, तिथे उभं राहून चहा प्यायची त्याला लाज वाटली. एका पहाटे मुलगी आली, तो कुत्र्याला घेऊन तिच्या गाडीत बसला आणि गेला. कुणालाही सांगितलं नाही. पडदे लावलेले होतेच, ते नेहमीच असायचे. तो दिवसेंदिवस कुणाला न दिसणं, हेही नेहमीचंच. बिल्ला परत करायचा तर सांगावं लागलं असतं. दाराच्या खिळ्यालाच ठेवून जायचा, तर तेही त्याच्यानं होईना... त्यानं तो खिशात घातला आणि नेला.

काही दिवसांतच वादळ आलं. भरतीची वेळ आणि वारा एकदम. इशारा आदल्या दिवशीच मिळाला होता. सकाळी सगळे वर गेले. भाऊजी बसमधून शेवटच्या म्हाताऱ्यांना घेऊन आले, आपला बिल्ला लावला आणि फळीकडे पाहिलं. केव्हिनचा हूक रिकामा. नोएलीन म्हणाली, तो हट्टी आहे, मुद्दाम खाली बसला असेल. फोन बंद झाले होते. कुणीतरी म्हणालं, पाणी रस्त्यावर आलंय, आता जाऊ नकोस. भाऊजींनी वाद घातला नाही. त्यांनी आपला बिल्ला हुकावरून काढला, खिशात टाकला आणि खाली गेले. एवढ्या घाईतही तो काढायला विसरले नाहीत, हे नोएलीननं मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

केव्हिनचं पुढचं दार बंद होतं. ते हाका मारत, दार ठोठावत मागच्या बाजूला गेले असणार. त्या किनाऱ्यावर नद्यांतून वाहून आलेले मोठमोठे ओंडके पडलेले असतात. एरवी पोरं त्यांच्यावर चढून खेळतात. लाट बांधावरून आली ती ओंडके घेऊनच आली. ते परत येत नाहीत असं पाहून दोघेजण दोर बांधून गेले, तेव्हा भाऊजी केव्हिनच्या मागच्या भिंतीशी सापडले. नोएलीन निवृत्त नर्स आहे. ती खाली गेली, तिला जे करता येण्यासारखं होतं ते तिनं केलं. रस्ता दोन्हीकडून दरडींनी बंद, आणि तशा वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं. पण तिनं मला स्पष्ट सांगितलं, मोहन, हेलिकॉप्टर अंगणात उभं असतं तरी उपयोग नव्हता. मी तिचा आभारी आहे. असल्या बाबतीत लोक नातेवाइकांना 'जर तर' ठेवून जातात, तिनं ठेवलं नाही.

घर रिकामं होतं, हे त्यांना भाऊजी गेल्यानंतर कळलं. मागचं दार फोडून माणसं आत गेली. पलंगावर चादर घडी घालून ठेवलेली होती आणि कुत्र्याचं भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा रस्ता एकेरी सुरू झाला होता. वेस्टपोर्टला अंत्यविधी आटोपून सगळे हॉलमध्ये आले. बायकांनी केक, सँडविच आणले होते. कुणीतरी भाऊजींना आवडायची म्हणून कोथिंबीर घालून अंडी केली होती. ताई पांढऱ्या साडीत त्या थंड हॉलमध्ये खुर्चीवर बसून होती, गौरीनं तिचा हात धरला होता. मग केव्हिन आला. मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन. तो सरळ ताईसमोर आला. त्याच्या हातात बिल्ला होता. तो ताईला बिल्ला द्यायला लागला.

ताईनं बिल्ला घेतला नाही. तिनं केव्हिनला जवळच्या खुर्चीवर बसवलं. तिच्या त्या तोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "तू जिवंत आहेस हे त्यांना पाहायचं होतं. जा, लाव तो."

केव्हिन उठला, फळीपाशी गेला. बिल्ला लावायला त्याला फार वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही, ते बरं केलं. मग नोएलीननं हळूच मला विचारलं, डिवचा बिल्ला? तो भाऊजींच्या कपड्यांबरोबर परत मिळाला होता, ताईच्या पर्समध्ये होता. मी ताईला म्हणालो, लावायचा का? सगळ्यांची तशी इच्छा दिसते. तिनं मान हलवली. "नाही. ते वर आले नाहीत, मोहन. खोटं कशाला लावायचं?" भाऊजींचा हूक रिकामाच राहिला. तो काढायलाही कुणी पुढे आलं नाही.

गेल्या आठवड्यात मी पापाकुराला ताईकडे होतो. तिचं घर स्टेशनपासून जवळ, भाड्याचं, छोटं. दारातून आत शिरताना चौकटीशेजारी एक नवा खिळा दिसला आणि त्याला तो बिल्ला. गौरीनं ठोकला होता. घरमालक भिंतीला खिळे ठोकू देत नाही, हे मला माहीत होतं. आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात नोएलीनचा फोन आला. त्या दिवशी तिकडे पुन्हा समुद्र चढला होता. फार नाही, पण सगळे वर गेले होते. आता पाणी उतरलं होतं. ताईनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू यावं. नोएलीन सांगत होती की सगळ्यांचे बिल्ले लागले आहेत, एक सोडून. म्हातारी माणसं आहेत, थंडी आहे, घरी जाऊन त्यांनी शेगड्या पेटवायला हव्यात. पण कुणी खुर्चीवरून उठत नाही. सगळे फळीकडे बघत बसले आहेत. मी त्यांना काय सांगू, सुनीता?

ताईनं पदरानं हात पुसले. दाराकडे पाहिलं. मग फोनजवळ वाकून, प्रत्येक शब्द नीट ऐकू जावा अशा आवाजात ती म्हणाली, "त्यांना सांग, दिवाकर घरी आला आहे. आता तुम्ही खाली जा."